पेटीच्या झाकणाची आतली बाजू

सन दोन हजार अठरा. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. एप्रिल लागला होता आणि कूलरचं स्टँड गंजून वाकलं होतं, म्हणून भिलाईच्या वैशाली नगरातून ऑटो धरून दुर्गच्या जुन्या बाजारात गेलो. नवीन स्टँड मिळत नव्हतं असं नाही. पण नवीन घेणं मला पटत नाही. आजकालचा पत्रा बोटानं दाबला तरी दबतो.

जुन्या मालाची मला पारख आहे, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण सांगायला आता दुसरं कोणी उरलं नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही भंडाऱ्याकडच्या खेड्यात. पण पत्रा ठोकून आवाजावरून मी त्याची जाडी सांगतो. भिलाईच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मी प्लेटांवर नंबर मारायचं काम केलं. एका हातात आकड्याचा पोलादी पंच, एका हातात हातोडा. सवय अशी लागली की घरातल्या वस्तूंवरही मी माझा हजेरीचा टोकन नंबर मारून ठेवला. सायकल, बादली, टिफिन, पाट्याच्या बाजूची लोखंडी शेगडी. बायकोनं एकदा म्हटलं होतं, भांड्यांवर लोक नाव घालतात, आपल्या घरी आकडेच कावून? मी म्हटलं, नावं शंभर लोकांची सारखी असतात, नंबर एकाचाच असतो. खरी गोष्ट वेगळी होती. आकडे माझ्या हातात बसले होते, अक्षरं बसली नव्हती. पण ते तिला कशाला सांगायचं.

आमच्या टाउनशिपमध्ये एक रीत होती. माणूस रिटायर झाला की क्वार्टर खाली करायचं आणि नको ते सामान समोरच्या अंगणात मांडायचं. सेक्टरभरचे लोक यायचे. केरळला परत जाणाऱ्याची जाळीची मांडणी बंगाल्याच्या घरी जायची, बंगाल्याची खाट आमच्या घरी यायची. माझ्या घरातलं निम्मं सामान असंच आलं होतं. दोन हजार सातला माझी पाळी आली तेव्हा मीही अंगण मांडलं. आणि माझा नियम सगळ्यांना माहीत होता: अंगणात आलं ते विकलं. परत आत जाणार नाही.

त्या सामानात मी बायकोची पेटीही बाहेर आणली. हिरव्या रंगाची लोखंडी पेटी, पुढच्या अंगाला माझा नंबर. तिची लुगडी, साड्या त्यात असायच्या. नव्या घरात कपाट घेतलं होतं, मग पेटी कशाला? ती आतून आली, हात पदराला पुसत.

"ते पेटी राहू द्या ना जी."

"त्या माणसाले मी हो म्हणून बसलो."

"अजून नेली नाई त्यानं."

"एकदा हो म्हटलं की म्हटलं. कपाट हाय ना तुले?"

गिऱ्हाईक उभंच होतं. पेटीचं झाकण उघडं होतं, ते तिनं स्वतः लावलं. दोन्ही हातांनी दाबून, कडी अडकवून. मला वाटलं, बायका अशाच, जुन्या वस्तूत जीव अडकतो. सात वर्षांनी ती गेली. त्या सात वर्षांत पेटीचा विषय तिनं एकदाही काढला नाही.

तर दुर्गच्या त्या दुकानात स्टँड पाहता पाहता माझी नजर खाली गेली. कूलरच्या टपांच्या मागे एक पेटी होती. हिरवा रंग जवळजवळ निघून गेलेला. पण पुढच्या पत्र्यावरचे आकडे मी लांबूनच ओळखले. चौथा आकडा थोडा तिरपा बसला होता, त्या दिवशी हातोडा घसरला होता म्हणून.

दुकानदार पन्नाशीचा, गोड बोलणारा. म्हणाला की पेटी गेली आहे. एका बाईनं मुलीच्या लग्नासाठी ठरवली आहे, आता फक्त आतून-बाहेरून प्राइमर मारून रंग द्यायचा. मी म्हटलं, पाहू तर दे. झाकण उघडलं.

आत झाकणाच्या पत्र्यावर ओरखडे होते. गंजाच्या बारीक रेघा. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, सामान घासलं असेल. पण कारखान्यात पंचाचा नंबर दिसेनासा झाला की आम्ही त्याच्यावर खडू घासायचो, आकडा पांढरा होऊन वर यायचा. दुकानदाराकडे किमती लिहायचा खडू होता. तो मागून घेतला आणि झाकणावर आडवा धरून घासला.

अक्षरं वर आली.

सगळ्यात वरती एकच अक्षर, पुन्हा पुन्हा, खिळ्यानं कोरलेलं, पडलेलं, वाकलेलं. खाली दोन अक्षरं. त्याच्या खाली पूर्ण नाव. मी बोट ठेवून एक एक अक्षर लावलं. माझं नाव होतं. ओळीमागून ओळ, खाली खाली येताना सरळ होत गेलेलं. शेवटच्या ओळीत तर छापल्यासारखं.

हे कोणाचं अक्षर, हे विचारायची गरज नव्हती. प्रत्येक ओळीत वरची रेघ आधी ओढली होती, लांब, आणि अक्षरं तिला मागून लटकवली होती.

सेक्टरच्या बुद्धविहारात संध्याकाळी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, तेव्हाची गोष्ट. ती चार दिवस गेली असेल. तिची वही मी पाहिली आणि शेजाऱ्यासमोर हसलो. म्हटलं, आधी दोरी बांधून मग कपडे वाळू घालून राहिली का? आता कलेक्टरीण होशील. शेजारीही हसला. तीही हसली, मला आठवतं. मग तिनं वर्गाला जाणं सोडलं. मला वाटलं, सोडलं.

आणि नाव. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. तिनं लग्नात उखाण्यात घेतलं असेल ते एकदाच. राशन कार्डाच्या ऑफिसात बाबूनं पतीचं नाव विचारलं तेव्हा तिनं मलाच कोपरानं पुढे ढकललं होतं. सगळी लाइन हसली होती. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नाही. आणि ते इथं होतं, साड्यांच्या वर, झाकणाच्या आत. जिथं मी कधी पाहणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळ्या दुनियेचा जुना माल मी उलटून पाहिला, घरची पेटी उघडून पाहिली नाही.

दुकानदारानं मागून विचारलं, काय लिहिलंय? त्याला मराठी बोलणं समजत होतं, पण माझ्या खांद्याआडून ती अक्षरं लागेनात. मी म्हटलं, काही नाही, जुना नंबर आहे. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. समजदार माणूस होता.

"दादाजी, आपको चाहिए तो ले जाओ. उस बाई को दूसरी दे दूँगा, इसी साइज की."

एवढं सोपं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडातून काय निघालं?

"विकलेली वस्तू मी परत नाही घेत."

हाताचा खडू पुसला, स्टँडही न घेता निघालो. ऑटोत बसेपर्यंत मान ताठ होती. घरी आलो, कुलूप काढलं, आणि तिच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. ते कपाट मी किती मिजाशीनं आणलं होतं. उघडून आतून पाहिलं. दाराच्या आतल्या बाजूला आरसा आहे. तिथं खिळा चालत नाही. पेटी गेल्यानंतर तिनं कुठं लिहिलं असेल? का लिहिलंच नाही? अंधार पडायच्या आत मी ठरवलं की जायचं. मागायची. लाज वाटली तरी मागायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी मी दुकानासमोर होतो. दुकानदार आला आणि त्यानं शटर वर केलं. पेटी पुढेच होती, झाकण उघडं टाकून. आतून बाहेरून लाल प्राइमर. म्हणाला की काल तुम्ही गेल्यावर ती बाई आली, मुलीला घेऊन. मुलीनं पेटीवर बसून पाहिलं, फार आवडली. गुलाबी रंग सांगून गेली. मी तुमच्यासाठी विचारलंही असतं, दादाजी, पण तुम्हीच नाही म्हणालात.

मी मागितली नाही. त्या मुलीला तिच्या आईनं हो म्हटलं होतं.

झाकणाच्या आत हात फिरवला. प्राइमर सुकला होता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण बोटाला खाचा लागत होत्या. वरच्या लांब रेघा, आणि त्यांना लटकलेलं माझं नाव.

दुकानदाराचा रंगवाला अजून आला नव्हता. मी म्हटलं, ब्रश दे, मी मारतो, तुझा माणूस ओघळ सोडतो. त्यानं गुलाबी रंगाचा डबा दिला, ब्रश दिला, आणि पुट्टीचा डबाही ठेवला. म्हणाला, आत खाचा आहेत, आधी भरून घ्या.

शर्टाच्या बाह्या वर केल्या. पुट्टीचा डबा उघडला नाही, बाजूला सारला. आणि झाकणावर पातळ हात मारायला बसलो, रंग खाचांत साचणार नाही असा.