देवळातली सर्व्हिस

"सर्व्हिस तेवढी आपली, मगे सगळां दुसऱ्याचां," असं बाबली पेडणेकर एकदा म्हणाले होते. त्यांची विद्यार्थिनी अक्षया हिने ते देवाच्या कौलासारखं धरून ठेवलं.

बाबलीकाका जामसंड्यात एका हायस्कुलात क्लार्क. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात टेबल टेनिस शिकवायचे, कारण तेवढं लांब छप्पर गावात दुसरं नव्हतं. मंडप तिन्ही बाजूंनी उघडा. खाडीवरून वारा सुटला की वर उडवलेला चेंडू दीपमाळेकडे निघायचा. म्हणून काका तो उडवूच द्यायचे नाहीत. तळहातावरून जेमतेम सुटला की बॅटने कापायचा, जाळीपलीकडे आखूड टाकायचा. समोरचा गडबडतो, चेंडू उंच परत देतो, आणि तो तिसरा चेंडू आपण ठोकायचा. सगळं शिकवणं एवढंच. जिल्ह्यात ते चालून जायचं. पंच काकांचेच जुने विद्यार्थी.

कुडाळला विभागाची निवड होती. अक्षयाचं सतरा वर्षांखालचं हे शेवटचं वर्ष. अंतिम सामना जिंकेल तीच राज्य स्पर्धेला जाणार. अक्षया तिथवर पोचली; या सामन्याला पंच मात्र कोल्हापूरचे. पहिल्याच सर्व्हिसला त्यांनी हात वर केला. "चेंडू सोळा सेंटीमीटर तरी वर गेला पाहिजे." पुढच्या वेळी गुण थेट समोरच्या ऋताला.

काका आता भांडणार, असं अक्षयाला वाटलं. देवळात ते पुजाऱ्यालाही सोडत नसत. पण ते खुर्चीत बसून बुटाच्या नाडीकडे बघत होते.

गेम गेला. "काका, उंच उडवू?"

"नको. आपली आसा तीच कर. पंच कंटाळतलो."

पंच कंटाळले नाहीत. दुसरा गेमही गेला. तिसऱ्यात तिने काकांकडे न बघता चेंडू वर उडवला. बंद हॉल, पंखे थांबवलेले. चेंडू सरळ वर गेला, सरळ खाली आला. इतकं सोपं. पण तो कुठे कापायचा हे हाताला ठाऊक नव्हतं. चेंडू पलीकडे उंच उसळला आणि ऋताने ठोकला. पुन्हा तसंच. तिसरा चेंडू अक्षयाच्या वाट्याला आलाच नाही. ती हरली.

प्रीतम आला. पूर्वी मंडपातच शिकलेला, आता कुडाळला क्रीडाशिक्षक. "रडतंस कित्याक गो? दोन म्हयन्यांआधी सर्व्हिस बदललं असतंस तर आज तूच जिंकलं असतंस. काका, मी तुमका गेल्या वर्षीच सांगितलेलंय मा?"

"देवळात वारो आसा," काका पुटपुटले.

"वारो देवळात. हंय हॉलात खंय?"

अक्षयाचा टॉवेल तोंडावरच थांबला. "म्हंजे तुमका म्हाईत होतां?"

काका बॅट पुसत राहिले. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"मगे माका कित्याक सांगूक नाय?"

सांगायचं तर काकांना इतकी वर्षं शिकवलेलं मोडीत काढावं लागलं असतं, तेही मुलांसमोर. त्यापेक्षा एका मुलीचं वर्ष स्वस्त पडलं. हे तिला कुणी समजावण्याची गरज उरली नाही.

ऋताच्या आईने पेढे वाटत येऊन एक काकांच्याही हातावर ठेवला. त्यांनी तो खुर्चीवर ठेवला, पिशवी उचलली आणि ते हॉलबाहेर निघून गेले.