राखून ठेवलेलं अर्धं शेत

वारज्यात आमच्या सोसायटीच्या बाकावर दिवाळीनंतर एक बाई रोज दिसायच्या. अकोल्याकडून लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या. फोनवर बोलताना त्या पदराला गाठ मारायच्या आणि बोलणं संपलं की सोडायच्या.

"अहो, जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पेरून टाका. माझी वाट पाहू नका."

पेरणीची पहिली मूठ त्यांच्या हातची, असा घरचा रिवाज. पण बाळ अशक्त होतं, त्यांचं निघणं लांबत गेलं. नवऱ्याने अर्धं शेत वेळेवर पेरलं आणि अर्धं त्यांच्यासाठी राखलं. त्या वैतागल्या.

"मग तिथं नेहमीचं वाण नको. लवकर येणारं आणून ठेवा."

बाळ सावरल्यावर त्या गेल्या. उन्हाळ्यात परत आल्या, तेव्हा मी हरभऱ्याचं विचारलं.

"ह्यांनी पेरलेला चांगला झाला. माझा उन्हात सापडला, दाणा निम्माच भरला."

"पुढच्या वर्षी सगळं वेळेवर पेरतील मग."

"नाही म्हणतात. मी इकडे असले तर पुन्हा अर्धं ठेवणार म्हणे." त्यांनी बाळाची लाळ पुसली. "माणूस काही सुधारत नाही."

मी मान डोलावली. माझ्यासाठी आजवर कोणी रिक्षासुद्धा थांबवून ठेवलेली नाही.