राहिलेला साधुकार

नागोराव लग्नं लावायचे. कंपनीतली नोकरी होती तेव्हाही आणि निवृत्त होऊन कात्रजला आल्यावरही, बौद्ध पद्धतीचं लग्न म्हटलं की लोक त्यांनाच बोलवायचे. पांढरा सदरा, खणखणीत आवाज. मुहूर्त मानत नसत, पण उशिरा आलेल्या नवरदेवाला असं झापत की सगळी वरात गपगार. वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या की ते लोकांना सांगत, "साधुकार द्या." हॉलभर तीनदा "साधू, साधू, साधू" घुमायचं, फुलं पडायची आणि त्यांच्या लेखी तेव्हा लग्न लागायचं.

त्यांचं स्वतःचं लग्न असंच लागलं होतं. भटजी नाही, सात फेरे नाहीत, हे कसलं लग्न, असं तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले होते. तो सल नागोरावांनी जन्मभर जपला. पण त्यातून शिकायचं ते मात्र शिकले नाहीत.

कारण एकुलत्या एका लेकीनं, उत्कर्षानं, अभिनवशी लग्न ठरवलं तेव्हा अभिनवच्या आईला सप्तपदी हवी होती आणि नागोरावांना बुद्धवंदना. दोघंही हटेनात. शेवटी पोरांनी नोंदणी कार्यालय गाठायचं ठरवलं.

"टेबलावर सह्या केल्या की झालं? त्याला लग्न म्हणत नाहीत," नागोराव कडाडले. सुंदराबाई, त्यांची बायको, साक्षीदार म्हणून सही करणार होती. "तू गेलीस तर मी पुन्हा कुणाचंही लग्न लावणार नाही," असं त्यांनी तिला बजावलं. ती बिचारी घरी राहिली.

नोंदणीच्या सकाळी, सह्यांच्या वेळेला, स्वयंपाकघरातून पुटपुटणं ऐकू आलं. सुंदराबाई ओट्यापाशी हात जोडून उभी होती. "साधू, साधू, साधू."

"कुणाचं लग्न लावतेस?" नागोराव खेकसले. तिनं डोळे पुसून कुकर लावला. पुढे घरात तो विषय काढायची सोय राहिली नाही. गेल्या वर्षी ती वारली. उत्कर्षा आली, रडली, परत गेली.

घर खायला उठलं तेव्हा नागोराव कर्वेनगरला लेकीच्या दारात उभे राहिले. अभिनवनं चहा केला आणि तो बापलेकीला सोडून आत गेला.

"एकदा वंदना घेऊन टाकू. मीच लावतो. रीतसर होऊन जाईल."

"म्हणजे इतकी वर्षं काय होतं, बाबा?"

नागोरावांनी कप खाली ठेवला.

"तुमचं एक सोडा. तुम्ही निदान तोंडावर बोललात. आई येते म्हणाली आणि आली नाही. तिच्या जागी कुणी सही केली, माहितेय? बाहेर झेरॉक्स काढायला आलेल्या माणसानं. आईनंही शेवटपर्यंत आमचं लग्न मानलं नाही, हेच खुपतं."

अजूनही गप्प बसता आलं असतं. पण नागोरावांना ते जमलं नाही. त्यांनी धमकी सांगितली, ओटा सांगितला, जोडलेले हात सांगितले.

"मी तिच्याशी नीट बोलतसुद्धा नव्हते, बाबा," उत्कर्षा म्हणाली. "ती होती तोवर का नाही सांगितलंत?"

नागोरावांकडे लाज होती, आणि ती आता कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

मग तिनं हळूच विचारलं, "कसं म्हणाली? म्हणून दाखवा ना."

नागोरावांनी हात जोडले. पहिलं 'साधू' कसंबसं निघालं. दुसऱ्याला आवाज फाटला. तिसरं त्यांना म्हणताच आलं नाही.