कुलूप बाहेरून, माणसं आत

वाडीकरांनो, सभेच्या सूचनेखाली हा कागद मीच डकवलाय. फाडू नका, आधी वाचा.

दुकानं तपासणं ही माझी नोकरी. आज दादरला एका कापडाच्या दुकानात गेलो. आपल्या तळमजल्यावरचा दत्तूभाऊ तिथेच कामाला आहे. मागचं दार गठ्ठ्यांनी पार बुजवलेलं. "हे आत्ताच्या आत्ता हलवा," म्हणालो, तेवढ्यात रस्त्यावरून मोर्चाच्या घोषणा ऐकू आल्या. शेठ चटकन बाहेर गेला, शटर ओढलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

मी आतच! मिट्ट काळोख, चहूकडे कापड, आणि दत्तूभाऊने शांतपणे कंदील पेटवला.

"अरे, आग लागली तर?" मी ओरडलो.

"नाना, हळू बोला, बाहेर ऐकू जाईल," तो म्हणाला. "मोर्चा आला की आम्ही असेच बसतो. लोकांना वाटतं, दुकान बंद ठेवून पाठिंबा दिला. आत आम्ही हजर, म्हणून पगार कापत नाहीत."

मोर्चा गेल्यावर शेठने कुलूप काढलं. वर मलाच विचारतो, चहा घेणार का? मी कामगारांना म्हटलं, तक्रारीवर सही करा. एकानेही केली नाही. दत्तूभाऊनेसुद्धा नाही.

रिपोर्ट मी दिलाय. पण शेठला नोटीस मिळेपर्यंत असे किती मोर्चे निघतील!

उद्या आपल्या वाडीचा मोर्चा त्याच रस्त्याने जाणार आहे. आपला आवाज ऐकून शेठ कुलूप लावेल, आणि आत दत्तूभाऊ कंदील पेटवेल.

सांगा, घोषणा द्यायच्या की गप्प जायचं?

— नाना, दुसरा मजला