आजी जीपनं गेली

आमच्या घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'गेला' हा शब्द वारलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला. हे आम्ही मुलीला कधी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आपोआप येतं, असं आम्हाला वाटायचं.

मी पाटबंधारे खात्यात कारकून. मुलगी तेव्हा गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये दुसरीत होती. त्या दिवाळीला माझी बहीण फुलसावंगीहून आली आणि परत जाताना आईला सोबत घेऊन गेली. मुलगी रोज आजीजवळ झोपणारी. आजी जीपमध्ये बसली तशी तिनं स्टँडवर भोकाड पसरलं आणि पुढचे कित्येक दिवस ती धड जेवली नाही.

सुट्ट्या संपून शाळा सुरू झाली. नोव्हेंबर हा कॅथलिक लोकांचा मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिना. शाळेच्या मागे, तिथेच शिकवता शिकवता वारलेल्या सिस्टरांच्या कबरी आहेत. त्या दिवसांत मुलं तिथलं गवत काढतात, झेंडूची फुलं ठेवतात. मग वर्गावर्गात मुलांना त्यांच्या घरच्या गेलेल्या माणसांबद्दल विचारतात आणि सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. यात हिंदू-ख्रिस्ती असा भेद करत नाहीत. केला असता तर आमच्या मुलीच्या वर्गात प्रार्थनेला कोणी उरलंच नसतं.

तिच्या वर्गशिक्षिका सिस्टर झारखंडच्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे आमच्यापेक्षा कितीतरी शुद्ध बोलायच्या. त्यांनी विचारलं, तुमच्या घरचं कोण तुम्हाला सोडून गेलं? मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, आजी गेली. सिस्टरनं हळूच विचारलं, कशानं? मुलगी म्हणाली, जीपनं. आणि रडायला लागली. पुढे विचारायची सिस्टरची हिंमत झाली नाही. सगळ्या वर्गानं डोळे मिटून माझ्या आईच्या आत्म्याला शांती मागितली.

घरी आल्यावर मुलगी एवढंच म्हणाली, "सिस्टर म्हणतात आजी पित्याच्या घरी आहे. मी सांगितलं, आत्याच्या घरी आहे. तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा पित्याच्याच म्हणाल्या."

बायको म्हणाली, बाहेरच्या माणसाला आपली नाती कळत नाहीत. मलाही ते पटलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी त्या सिस्टर आमच्या दारात उभ्या. सोबत एक तरुण सिस्टर, हातात केळी आणि एक मोठी मेणबत्ती. शाळेतून कोणी घरी येणं म्हणजे मुलीची तक्रारच असणार असं समजून बायकोनं आधी चहा टाकला. सिस्टर खुर्चीच्या काठावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, जाताना आईंना फार त्रास झाला का?

मुलीनं आजीचं जाणं फार मनावर घेतलं म्हणून विचारत असतील, असं मला वाटलं. मी म्हणालो, दिग्रसच्या पुढे रस्ता खराब आहे, पण पुढच्या सीटवर बसवलं होतं, त्यामुळे निभलं. सिस्टरनं डोळे मिटले. तुम्ही शेवटपर्यंत सोबत होतात का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, स्टँडपर्यंतच होतो, पुढे बहीण होती. शेवटी काही बोलल्या? मी आठवून सांगितलं, गॅसचं बटन नीट बंद करत जा म्हणाली. तरुण सिस्टरनं रुमाल काढला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. सिस्टर तिचा हात धरून म्हणाल्या, "त्या आता फार चांगल्या जागी आहेत. तिथे कसलाही त्रास नाही."

बायको मनापासून म्हणाली, "हो ना. तिथं नळाला रोज पाणी असतं. इथल्यापेक्षा त्यांना तिथंच करमते."

सिस्टरला गहिवरून आलं. एवढी श्रद्धा आमच्या लोकांतही दिसत नाही, असं काहीतरी त्या म्हणाल्या आणि धीर द्यायला पुढे बोलल्या, एक दिवस आपण सगळे त्यांना भेटणारच आहोत.

"येत्या रविवारीच," मी म्हणालो. "सकाळी फोन आला होता तिचा."

सिस्टरनं कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग दाराआडून बघणाऱ्या मुलीकडे पाहिलं. तरुण सिस्टरचा रुमाल अजून तोंडावरच होता, पण आता तिचे खांदे हलत होते. मेणबत्ती कशासाठी आणली आहे, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

सिस्टर इतक्या शरमल्या की त्यांना समजावता समजावता आमच्या नाकी नऊ आले. त्यांनी शंभरदा माफी मागितली. आम्ही केळी ठेवून घेतली, मेणबत्ती परत दिली. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी आणि बायकोनं ठरवलं.

त्या रविवारी आई जीपमधून उतरली. मुलगी धावत जाऊन तिला बिलगली आणि म्हणाली, "आजी, शाळेत तू मेली होती."

सगळं सांगावंच लागलं. आई रागावेल म्हणून मी घाबरलो होतो, पण ती खूश झाली. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, अशी आमच्याकडे समजूत आहे. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की लोक काय काय बोलले. मुलीला डोळे मिटल्यावर कंटाळा आला होता, त्यामुळे तिला काही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेत निघाली. मी रजा टाकून सोबत गेलो. ती वर्गात शिरली आणि एक मुलगी रडायला लागली. दुसऱ्या एकीनं जवळ येऊन आईच्या हाताला बोट लावून पाहिलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, येशू तर तिसऱ्याच दिवशी उठला होता, हिच्या आजीला लई टाइम लागला. सिस्टर फळ्याकडे तोंड करून हसल्या.

आई मात्र कामाचं बोलायला आली होती. तिनं विचारलं, "ते माह्या नावाची प्रार्थना झाली, ते आमच्या मालकाच्या नावावर करता येईन काय? मले आता लागत नाही."

सिस्टर म्हणाल्या, तशी बदली करावी लागत नाही, आपण त्यांच्यासाठी नवीन करू.

"नवीन कायले? केलेली वाया जाईन ना."

ती वाया जात नाही, हे सिस्टरनं तिला पटवून दिलं. माझे वडील मुलीच्या जन्माआधीच वारले. तिनं त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं, त्यामुळे तेही 'गेले' आहेत हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

सिस्टरनं मुलांना उभं केलं आणि आईला विचारलं, ते कसे होते, सांगा. पितृपक्षात आम्ही दरवर्षी वडिलांचं पान वाढतो. ते देवमाणूस होते असं सगळे म्हणतात आणि जेवायला बसतात. आईनं थोडा विचार केला. मग तिनं सांगितलं की चहा होईपर्यंत ते कोणाशी सरळ बोलत नसत. आंघोळीला बसले की गात, आणि आळीतली कुत्री ओरडत. मुलं हसली. आईलाही हुरूप आला.

"मले टायफाइड झालता," ती म्हणाली. "केसाची पार जट झालती. सासू म्हने कापून टाका. तं हे बसले फणी घेऊन. रोज थोडे थोडे सोडवत. लई दुखे. पण कापू नाही देल्ले."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वडिलांना कोणाचे केस विंचरताना मी कधी पाहिलं नाही. स्वतःचेसुद्धा ते हातानंच मागे सारत. मुलांनी डोळे मिटले, मीही मिटले. प्रार्थनेत काय म्हटलं, ते मलाही सांगता येणार नाही.

आईनं हे आळीत सांगितलं. पुढच्या नोव्हेंबरात शेजारच्या दोघी तिच्यासोबत शाळेत गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. बहुतेक सगळ्या वारलेल्या नवऱ्यांबद्दलच बोलतात, आणि त्यात तक्रारी जास्त असतात. त्या सिस्टरांची आता बदली झाली आहे. नव्या सिस्टर लहान मुलांना तेवढा वेळ खेळायला सोडतात. मागच्या वर्षी एक बाई बोलायला उभी राहिली ती जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली तरी थांबेना. शिपाई घंटा वाजवायला निघाला, तर सिस्टरनं त्याला हातानंच थांबवलं.