बाबांनी उपटलेलं गवत

मी गावाहून निघाले त्या दिवशी बाबा माझ्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. बाभुळगावहून धामणगावला जाणाऱ्या एसटीत ते खिडकीशी बसले होते, मी त्यांच्या शेजारी आणि पायाशी फुगलेल्या बॅगा. सप्टेंबर होता. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, मधूनच तुरीच्या ओळी, आणि बाबा रस्ताभर लोकांची वावरं तपासत चालले होते. "याच्या वावरात पाह्य कसा कुंदा माजला." "हा कायले शेती करते, कोण जाणे." "वावराचा धुरा तरी साफ ठेवाव बाप्पा माणसानं." लेक शिकायला इंग्लंडला चाललेली आणि बापाला लोकांच्या गवताची काळजी! मी मनातून चिडले होते. ते दुसरं काही बोलायला गेले असते तर त्यांचा आवाज फुटला नसता, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

धामणगावच्या फलाटावर गाडी हलली तसे ते डब्याबरोबर थोडे चालले. "पोहचली का फोन कर. अन् शिकणं झालं का वापस ये." एवढं बोलून थांबले आणि खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसायला लागले.

कुंदा म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. कुंदा म्हणजे गवत, पण नुसतं गवत म्हटलं तर त्याचा अपमान होईल. काळ्या जमिनीत एकदा शिरला की तो पिकाच्या आधी वर येतो, आणि वरून कापला तर आणखी जोरानं फुटतो. त्यावर इलाज एकच. उन्हाळ्यात जमीन खोल उकरायची, त्याची जमिनीतली मुळं, म्हणजे काशा, वेचून काढायच्या आणि उन्हात उलट्या टाकून मारायच्या. माझ्या शाळेच्या सुट्ट्या वखरामागं काशा वेचण्यात गेल्या. आई पुढं, मी टोपली घेऊन मागं. एखादी काशी माझ्या हातून सुटली की बाबा वखर थांबवत, ती उचलून मला दाखवत आणि टोपलीत टाकत. आमच्या घरात गवत हा वैरीच होता.

अशा घरातली मुलगी परदेशात जाऊन हौसेनं गवत लावेल, असं कोणी सांगितलं असतं तर गावानं पोट धरून हसून घेतलं असतं.

शिक्षण झालं, मी वापस गेले नाही. लीड्सजवळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले. पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. शिफ्ट, ड्यूटीचा रोटा, कचऱ्याचा बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, बॉयलरची सर्व्हिस कधी, या शब्दांत माझे दिवस जायला लागले. एकटीच राहते. लग्नाचं तुम्ही विचारू नका, त्याला माझी मावशी पुरेशी आहे. आणि दर रविवारी फोनवर, पाऊसपाणी विचारून झालं की, बाबांचा ठरलेला प्रश्न यायचा: "मंग, वापस कधी?" मी म्हणायची, "बघू बाबा." इथं माझ्यासारख्या जितक्या जणी भेटल्या त्या सगळ्यांकडे हे 'बघू' आहे. आपापल्या भाषेत सगळ्याच ते वापरतात.

चार-पाच वर्षांपूर्वी मी इथं लहानसं घर घेतलं. मोठ्या उमेदीनं फोन केला. बाबा म्हणाले, "बरं केलं. तू वापस आली का भाड्यानं देता येईन." मी हसले आणि फोन ठेवल्यावर जिन्यात बसून राहिले. माझं घर त्यांना घर वाटत नव्हतं. चुकून सामान ठेवलेली धर्मशाळा वाटत होती. आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हटल्यावर मलाही ते पुरतं माझं वाटेना.

त्या घराला मागं हातरुमालाएवढी बाग आहे. शेजारी जोन राहते, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांची कुरकुर करत दिवसभर मातीत. मी राहायला आले त्या वसंतात तिनं कुंपणावरून एक मुळासकट ठोंब माझ्या हातात दिला. तिच्या बागेतल्या शोभेच्या गवताचा तो तुकडा होता. मिस्कँथस त्याचं नाव. या गल्लीत जो नवा राहायला येतो त्याला ती याचा ठोंब देते, आणि मग प्रत्येकाच्या मागच्या अंगणात शरद ऋतूत तेच रुपेरी तुरे डुलतात. मी तो लावला. बघता बघता माझ्या डोक्याच्या वर गेला. आईला व्हिडिओवर दाखवला तर ती म्हणाली, "शोभते माय. पण तुह्याजवळ म्हैस नाई, तं खाईन कोण?"

आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. बाबा गावी एकटे. भाऊ यवतमाळला असतो, येऊन-जाऊन बघतो. यंदा कापूस घरात आल्यावर भावानं आणि मी मिळून बाबांना विमानात बसवलं. फेब्रुवारी सरता सरता ते माझ्या दारात उभे राहिले, स्वेटरवर स्वेटर, त्यावर कोट, कानाला मफलर. मला वाटत होतं, त्यांनी एकदा माझं घर डोळ्यांनी पाहावं. पुढचं मनातल्या मनातही नीट म्हणत नव्हते, पण हवं तेच होतं: त्यांनी एकदा याला माझं घर म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन मागच्या खिडकीशी उभे राहिले. हिवाळाभर हे गवत वाळून उभं असतं. तुरे झडलेले, पानं पिवळी, वारा आला की खडखड आवाज. इथल्या लोकांना ते तसंच आवडतं, त्याच्यावर दहिवर गोठलं की फोटो काढतात. मार्चच्या सुमाराला, नवे कोंब यायच्या आधी, ते जमिनीलगत छाटायचं. मी बाबांना हे सगळं सांगितलं. ते ऐकल्यासारखं करत होते, पण नजर बाहेरच होती. "पऱ्हाटी अजून उभीच हाये तुही," ते म्हणाले. आमच्याकडे कापूस वेचून झाला की त्याची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, वेळेत उपटायची असते. ज्याच्या वावरात ती उन्हाळ्यापर्यंत उभी राहते, त्याच्याबद्दल गाव काय बोलतं हे मला माहीत होतं. तरी मी कामाला निघून गेले.

संध्याकाळी परत आले तर मागच्या अंगणात गवत नव्हतं. होता तो एक खड्डा. वाळलेल्या काड्यांचे पेंढे सुतळीनं बांधून भिंतीला लावलेले, आणि तो अख्खा ठोंब, परातीपेक्षा मोठा, मुळं आभाळाकडे करून फरशीवर पालथा घातलेला. शेजारी बाबा, मातीनं भरलेले, थकलेले आणि खूश. "मोठी कठीण जात हाये याची," ते म्हणाले. "खोल गेलती. पण एक काशी ठेवली नाई. आता उन्हात पडू दे, मरते सारं."

"बाबा, हे कायले उपटलं तुम्ही?" माझा आवाज चढला होता. "जोननं दिलतं मले. मी इथं राह्याले आली तवा दिलतं. माह्यं होतं ते!"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जे गेलं ते मला अजून दिसतं. "मले वाटलं लोक हासत असतीन तुले," ते हळूच म्हणाले. "एकटी पोरगी, काम करून थकते, अंगणात गवत माजलं. म्हटलं, आपण आलो तं तेवढं तरी करून द्याव." मी पाय आपटत वर गेले. थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं, तर बाहेर भुरभुर पाऊस पडत होता आणि त्या पावसात बाबांनी ठोंब सरळ करून ठेवला होता, मुळांवर माती ओढली होती, आणि वरून झारीनं पाणी घालत होते. पावसात झारी! मला हसू आलं आणि रडूही आलं. खाली जाऊन मी त्यांच्या हातातली झारी घेतली.

वैशाखातलं ऊन त्यांना आणता आलं असतं तर ते गवत खरंच मेलं असतं. इथल्या उन्हानं पापडही वाळत नाही. त्यानंतरचे दोन-तीन दिवस ठोंब तसाच ओलसर पडून होता, टवटवीत. बाबा रोज सकाळी मुळं खरवडून बघायचे आणि मला येऊन सांगायचे, "जित्तं हाये."

शनिवारी जोन कुंपणापाशी आली. तिला बघून बाबांनी हात जोडून "जयभीम" केला. ही आमच्याकडची सकाळची रीत असावी असं समजून तिनंही हात जोडून तेच म्हटलं आणि पुढे रोज म्हणायला लागली. मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, तुझ्या वडिलांनी नेमक्या वेळेला काढलं हं, मी तुला सांगणारच होते की याला आता विभागायला हवं, मध्ये मरायला लागलाय. आणि घरात जाऊन एक जुनी करवत आणि पाव कापायची दातेरी सुरी घेऊन आली. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. बाबांना मात्र ती काय म्हणाली ते सांगितलं, तेव्हा ते हसत सुटले, आणि आई गेल्यापासून इतकं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

दुपारभर आम्ही तिघं तो ठोंब कापत होतो. जोन मधला भाग दाखवी, तो राखाडी, पोकळ झालेला. फेकायचा. जीव कडेकडेला होता, पांढरे टोकदार कोंब धरून. बाबांनी तो मेलेला गाभा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मधातलं गेलं," ते म्हणाले, "बाजूबाजूचं जगलं." आणि थोडा वेळ तो तसाच धरून बसले. मी जोनला ते इंग्रजीत सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिचाही नवरा मागंच गेला आहे.

सात-आठ चांगले तुकडे निघाले. एक जोननं पलीकडे नव्यानं आलेल्या कुटुंबासाठी राखून ठेवला. बाकीचे मी कुंपणाच्या कडेला लावायला घेतले. मला बाग लगेच भरलेली दिसायला हवी होती. तो बोडका कोपरा मला खुपत होता. म्हणून मी वितीवितीवर खड्डे करून ते बसवत गेले. बाबा मागून बघत होते. शेवटी राहवलं नाही. "थांब," म्हणाले, आणि पेंढे बांधून उरलेली सुतळी घेऊन आले. दोन्हीकडे काड्या रोवल्या, सुतळी ताणली, मग तिला आडवी दुसरी. आमच्याकडे कापूस असा चौफुलीवर लावतात, म्हणजे उभी-आडवी दोन्ही अंतरं सारखी राहतात आणि बैलांचा डवरा, म्हणजे तण काढायचं कोळपं, दोन्हीकडून फिरतो. माझ्या हातरुमालाएवढ्या बागेत डवरा फिरणार नव्हता, बैल तर नाहीच. मी हसत म्हटलं, "बाबा, एवढं दूर? सारी जागा मोकळी दिसंल. भराले तीन-चार वर्षं लागतीन."

बाबा गुडघ्यावर बसून सुतळीची गाठ घट्ट करत होते. मान वर न करता म्हणाले, "तं मंग? तू काय उद्या चालली का इथून? दूर-दूर लाव. वाढाले जागा लागते."

माझ्या हातातलं खुरपं तिथंच राहिलं. इतकी वर्षं ज्या प्रश्नाला मी 'बघू' म्हणत आले, त्याचं उत्तर या माणसानं गाठ मारता मारता देऊन टाकलं होतं. त्यांना काय वाटलं असेल ते बोलताना, मला ठाऊक नाही. मी मान खाली घालून रडत होते आणि ते म्हणत होते, "रडून काहून राह्यली? चाल, गड्डा दे इकडं." मी लावलेले सगळे तुकडे त्यांनी पुन्हा वर काढले आणि फुलीफुलीवर बसवले.

एप्रिलमध्ये ते गावी परतले. त्यांना थांबा म्हटलं, थांबले नाहीत. पेरणीची तयारी होती, आणि त्यांचं घर तिकडे आहे, ते मीही आता मान्य केलंय. तुमच्यापैकी जे निघून गेलात आणि जे मागं राहिलात, त्या दोघांनाही सांगावंसं वाटतं, माणसाला घर एकच असतं असं काही नाही. पण दुसरं घर आपण एकट्यानं केलं की ते अर्धंच राहतं. मागं राहिलेल्या कोणी तरी येऊन त्याला हात लावावा लागतो.

माझी बाग सध्या विचित्र दिसते. मोकळी माती, तिच्यात अंतराअंतरावर हिरवे झुबके. येणारा-जाणारा म्हणतो, मधल्या जागेत फुलं का लावत नाहीस? मी म्हणते, राहू द्या, भरेल ती. घाई नाही. मी आहे इथंच.