पंप घरी ठेवायला मीच सांगितलं

जावेचे ओठ निळे पडले तेव्हा मळ्यात आम्ही नऊ माणसं होतो आणि तिचा श्वासाचा पंप घरी फळीवर होता. तो घरी ठेवायला मीच सांगितलं होतं.

नातीला पाहायला जळगावहून पाहुणे आले होते. त्यांना भरीत खाऊ घालायचं तर मळ्यातच, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून. धाकट्या जावेला फुफ्फुसांचा जुना आजार आहे. एका चुलीपुढे आम्ही दोघी चाळीस वर्षं बसलो, आजार तिला झाला. सकाळी मी तिला बजावलं होतं, पंप घरीच ठेव, पाहुण्यांसमोर तोंडाला लावू नको, घरात दमा आहे म्हणतील आणि पोरीचं स्थळ जाईल. तिने ऐकलं. ती माझं नेहमीच ऐकते.

वारा फिरला आणि सगळा धूर तिच्यावर आला. उठून बाजूला जायलाही तिला दम पुरला नाही.

"आडी करा तिले! पानी पाजा!" दीर ओरडला. माझा मुलगा पंप आणायला मोटारसायकलवर पळाला. घर तीन किलोमीटर.

दिराने तिला खाटेवर आडवी केलीच होती. आडवं झालं की तिचा श्वास आणखी अडतो, हे मला माहीत होतं. धुळ्याला तिच्या मुलीच्या घराजवळ एक बाई अशा आजाऱ्यांकडून हळू व्यायाम करून घेते. मी सोबतीला जायचे आणि बाकावर बसून हसायचे. हात सावकाश वर, श्वास आत. हात सावकाश खाली, श्वास बाहेर. नजर हातावर. श्वास कोंडायचा नाही.

"हात हालाडीसन दमा जास का व?" मी विचारायचे.

"जात नही. पन जिना चढस मी आते. तू बस हासत," जाऊ म्हणायची.

"बठ्ठा बाजूले व्हा!" मळ्यात मी सगळ्यांवर ओरडले. तिला ओढून खाटेच्या कडेवर बसवलं, कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि मी समोर मातीत बसले. तिचे डोळे नुसते इकडेतिकडे फिरत होते.

"मना हातकडे देख."

मी हात वर नेला, खाली आणला. पण मीच घाबरलेली, हात भराभर हलला आणि त्याच्यामागे तिची धाप आणखी वाढली. मला स्वतःचाच राग आला. मी हात मांडीवर ठेवला, एक श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी हळू.

"चहा फुकस ना, तशी फुक. व्हट बारीक कर."

तिची फुंकर अर्ध्यात तुटली. पुन्हा हात वर. पुन्हा तुटली. तिसऱ्या-चौथ्यांदा हात मांडीपर्यंत आला तोवर फुंकर टिकली. मध्येच खोकला आला आणि सगळं बिघडलं. पुन्हा पहिल्यापासून.

पाठीमागे पाहुण्यांतली मुलाची आई नवऱ्याला म्हणाली, "दम्याचं दिसतंय हो."

"हाव, दमाच शे," मी मान न वळवता म्हटलं. "आते गप बसा."

दीर रडत होता. त्यालाही गप बस म्हटलं. माझा खांदा भरून आला तसा मी हात बदलला. ती माझ्या हाताकडे पाहत राहिली. ओठ अजून निळेच होते, पण डोळे फिरायचे थांबले होते.

मोटारसायकल आली. पंप तिने स्वतःच्या हाताने ओढला. मग आम्ही तिला गाडीत घालून भडगावला दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, तीन दिवस ठेवून घेतलं. पंप कुठे होता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी मला जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं.

पाहुणे त्या दिवशी न जेवताच गेले. चार दिवसांनी त्यांचा नकार आला. नात माझ्याशी महिनाभर बोलली नाही, स्थळ गेलं म्हणून नव्हे, पंपामुळे.

जाऊ वाचली.